उपदेशकाची एक मूठ : व्यर्थ खटाटोप आणि समाधान

मार्कंडेयकाठ (धागा सुरू करणारे)

बायबलच्या जुन्या करारातील 'उपदेशक' हे बारा अध्यायांचे छोटे पुस्तक आपल्याकडे बहुधा मयतीच्या उपासनेतच उघडले जाते, आणि तेव्हाही तिसऱ्या अध्यायातील जन्माचा समय व मरणाचा समय एवढाच भाग वाचून मिटले जाते. माझ्या मते हे पुस्तक कामाच्या दिवसांसाठी लिहिलेले आहे. कष्टांविरुद्ध त्यात काहीही नाही. कष्टांना आतून पोखरणाऱ्या एका विशिष्ट खटाटोपाविरुद्ध मात्र ते सर्व शक्तीनिशी बोलते, आणि तो खटाटोप आज बेळगाव परिसरात इतका दिसतो की यावर आपण एकत्र विचार करावा असे मला मनापासून वाटते.

पुस्तकातील वक्ता स्वतःला दाविदाचा पुत्र, यरुशलेमेतील राजा म्हणवतो. शलमोनाचे नाव मजकुरात कोठेही येत नाही, तरी परंपरेने तो शलमोनच मानलेला आहे. पुष्कळ अभ्यासक मात्र हे लेखन यहुद्यांच्या बाबेलमधील बंदिवासानंतरच्या काळातले समजतात. लेखक कोणीही असो, दुसऱ्या अध्यायात सांगितलेला प्रयोग राजालाच परवडणारा होता. त्याने घरे बांधली, द्राक्षमळे लावले, फळबागा केल्या, झाडांना पाणी मिळावे म्हणून तळी खणली, दासदासी, गुरेढोरे, सोनेरुपे, गाणारे आणि गाणाऱ्या, सारे जमवले; डोळ्यांनी जे मागितले ते त्यांना नाकारले नाही. त्यानंतर स्वतःच्या हातांनी केलेल्या त्या सगळ्याकडे त्याने पाहिले आणि ते वाऱ्यामागे धावण्यासारखे त्याला दिसले. येथे एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. दहाव्या वचनात तो म्हणतो की श्रम करीत असताना माझ्या मनाला आनंद होत होता आणि श्रमांपासून माझ्या वाट्याला आले ते एवढेच. आनंद काम चालू असताना होता; शिल्लक मोजायला बसल्यावर हाताला काही लागले नाही.

मी वडगाव-शहापूर भागातील मागवाल्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे चौथ्या अध्यायातील चौथे वचन मला दर महिन्याला वहीत वाचायला मिळते. माणसाचे सारे परिश्रम आणि कामातील सारे कौशल्य शेजाऱ्याविषयीच्या ईर्ष्येतून निघते, असे ते वचन सांगते. ज्याचे चार माग व्यवस्थित चालले आहेत, घरखर्च भागून काही शिल्लक राहते आहे, तो शेजारच्या शेडात रॅपिअर, म्हणजे नवा वेगवान माग, आलेला पाहतो आणि कर्ज काढतो. साडीला उठाव आहे का, बीम भरायला सूत कोणत्या भावाने मिळणार, कांड्या भरायला बाई कोठून आणायची, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसते. शेजाऱ्याने घेतले एवढे एकच उत्तर असते. असे करू नका, असे मी सांगू लागलो की लोकांना वाटते मी त्यांना हात बांधून बसायला सांगतो आहे. उपदेशकाला हा गैरसमज ठाऊक असावा, कारण लगेच पुढच्या वचनात तो हात जोडून बसणाऱ्या मूर्खाला फटकारतो आणि म्हणतो की असा माणूस आपलेच मांस खातो. मग सहाव्या वचनात तिसरी वाट येते: दोन्ही मुठी भरून कष्ट आणि वाऱ्याचा पाठलाग करण्यापेक्षा शांतपणे एक मूठ भरलेली बरी. रिकामा हात एकीकडे, दोन गच्च भरलेल्या मुठी दुसरीकडे, आणि मध्ये ही एक मूठ. दुसरा हात त्यामुळे मोकळा राहतो, हे माझ्या दृष्टीने त्या वचनातले सर्वांत मोठे धन आहे, कारण मोकळ्या हातानेच माणूस दुसऱ्याला काही देऊ शकतो.

पाचव्या अध्यायात पैशाचा विषय अधिक स्पष्टपणे येतो. ज्याला पैसा प्रिय आहे त्याची पैशाने तृप्ती होत नाही; मालमत्ता वाढली की ती खाणारेही वाढतात आणि मालकाला ती डोळ्यांनी पाहण्यापलीकडे लाभ उरत नाही. त्यानंतर बारावे वचन आहे, की श्रम करणारा थोडे खावो वा फार, त्याची झोप गोड असते, पण धनवानाची समृद्धी त्याला झोपू देत नाही. रात्रपाळी संपवलेला कामगार चालू मागांच्या खडखडाटात, सुताच्या रिकाम्या पोत्यावर आडवा होतो आणि क्षणात झोपी जातो, हे मी पाहिले आहे. त्याच शेडाच्या वर राहणारा मालक वीज जाऊन आवाज थांबला की दचकून जागा होतो, कारण थांबलेला माग म्हणजे चढत जाणारे व्याज. तेरा-चौदा या वचनांत एका वाईट व्यवहारात सारे धन गमावून बसलेल्या बापाची गोष्ट येते, ज्याच्या मुलासाठी हाती काहीच उरत नाही. तशा दोन-तीन वह्या माझ्या कपाटात आहेत, त्यांविषयी अधिक लिहिणे बरे नव्हे.

आणखी एक प्रश्न उपदेशक विचारतो, तो मला सर्वांत जास्त छळतो. चौथ्या अध्यायाच्या आठव्या वचनातील माणूस एकटा आहे, त्याला मुलगा नाही, भाऊ नाही, तरी त्याच्या कष्टांना अंत नाही आणि संपत्तीने त्याचे डोळे निवत नाहीत; मी हे कोणासाठी करतो आहे, असे तो स्वतःला कधी विचारतच नाही. आपल्याकडे बहुतेकांना मुले आहेत, पण ती पुण्यात, बंगळुरात किंवा आखातात आहेत. त्यांच्यासाठी म्हणून चढवलेला वरचा मजला वर्षानुवर्षे कुलूपबंद असतो, नळाच्या तोट्यांवरचे प्लास्टिकही निघालेले नसते, आणि तळमजल्यावर आईवडील गृहकर्जाच्या हप्त्याची तारीख सांभाळत बसलेले असतात.

या सगळ्यावर उपदेशकाचे उत्तर साधे आहे आणि तो ते पुनःपुन्हा देतो: दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आणि नवव्या अध्यायात. खावे, प्यावे, आपल्या श्रमांत सुख मानावे, आणि हे सुख देवाच्या हातून येते हे ओळखावे. सहाव्या अध्यायाच्या आरंभी त्याची दुसरी बाजू आहे: एखाद्याला धन, मालमत्ता, मान सारे मिळते, पण त्याचा उपभोग घेण्याचे सामर्थ्य मिळत नाही आणि परकाच ते खातो. मिळणे हे एक दान आणि मिळालेल्याचा आस्वाद घेता येणे हे दुसरे दान, अशी ही वाटणी आहे. आपण सगळे पहिल्याच्या मागे असतो. दुसरे मागावे लागते, याची आठवणही राहत नाही.

आपापल्या गावातला, आपापल्या कामातला अनुभव कृपया लिहावा.

खानापूरचा शेतकरी

हिशेबनीस साहेब, लेख आवडला. अकराव्या अध्यायाविषयी आपण लिहिले नाही, म्हणून मी लिहितो, कारण आम्हा भातकऱ्यांना तो अध्याय जास्त जवळचा आहे. जो वारा पाहत बसतो तो पेरणी करणार नाही आणि जो ढगांकडे पाहत राहतो तो कापणी करणार नाही, असे तेथे म्हटले आहे. आमच्या तालुक्यात पुष्कळ ठिकाणी भाताची धूळवाफ पेरणी होते, म्हणजे पाऊस पडण्याआधीच कोरड्या, धुळीसारख्या बारीक केलेल्या जमिनीत कुरीने बी टाकायचे. रोहिणीच्या आसपास शेतात उभे राहिले तर पायाखाली धूळ, डोक्यावर ऊन, आणि बी मातीत गेलेले. वळवाचा एखादाच शिंतोडा पडून पुढे पाऊस लांबला तर उगवलेला कोंब करपतो आणि बी वाया जाते. पाऊस वेळेवर धरला तर लावणीचा खर्च वाचतो. यात खात्री कशाचीच नाही, पण खात्रीची वाट पाहणाऱ्याचे शेत पडून राहते. सहावे वचन म्हणते की सकाळी बी पेर आणि सायंकाळीही हात आवरू नकोस, कारण हे फळेल की ते, की दोन्ही, हे तुला ठाऊक नाही. ज्यांना समाधान म्हणजे आळस वाटतो त्यांनी हे वचन वाचावे.

पहिल्या अध्यायात सर्व नद्या समुद्रास मिळतात तरी समुद्र भरत नाही, असे आहे. आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडे जाते, कूडलसंगमापाशी कृष्णेत मिळते आणि बंगालच्या उपसागराला पोहोचते. म्हादई याच तालुक्याच्या जंगलातून निघून पश्चिमेला गोव्यातून अरबी समुद्रात जाते. इतका पाऊस झेलणाऱ्या मुलखातली माणसेही पाणी पुरत नाही म्हणून एकमेकांशी भांडतात. गरज खरी आहे, हे मी नाकारत नाही. पण बांधापलीकडच्याची बोअर दोनशे फूट गेली म्हणून आपली तीनशे फूट नेणे, ही गरज नव्हे.

निपाणीची लेक

मूळ लेखातील एका गोष्टीवर माझा ठाम आक्षेप आहे, आणि तो मी आदरपूर्वक पण स्पष्ट मांडते. श्रम करणाऱ्याची झोप गोड असते, हे वाक्य झोप न लागणाऱ्या मालकासमोर वाचायला ठीक आहे. माझ्या आईसमोर ते कोणी वाचले असते तर ती काय म्हणाली असती, ते मला ठाऊक आहे. ती बिड्या वळत असे. मजुरी हजारी दराने मिळे. पान भिजवायचे, कात्रीने कापायचे, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, आणि कारखान्यात नेल्यावर तपासणाऱ्याने छाट काढली की तेवढ्या बिड्यांचे पैसे गेले. छाट किती काढायची, हे त्याच्या मर्जीवर असे. दिवे गेल्यावर कंदिलापाशी ती उरलेला आकडा पुरा करी आणि तंबाखूच्या खकाण्याने रात्रभर खोकत असे. तिची झोप गोड नव्हती. रविवारी मात्र तिला ऐकवले जाई की आहे त्यात समाधान मान, अन्नवस्त्र असल्यास तेवढ्यात तृप्त असावे. सांगणाऱ्याला तिच्या छाटीविषयी कधी प्रश्न पडला नाही.

निपाणीच्या तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी १९८१ साली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले, ते भाव मिळावा म्हणून. पोलिसांच्या गोळीबारात त्यात माणसे गेली. उपदेशकाची एक मूठ त्या शेतकऱ्यांना सांगायची होती का? जे मागत होते ते वाऱ्यामागे धावत होते का? समाधानाची शिकवण वरून खाली वाहते आणि खालीच साठते, असा आमचा अनुभव आहे. या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय मला तरी या पुस्तकातील गोडवा चाखता येणार नाही.

मार्कंडेयकाठ

ताई, आपल्या प्रश्नामुळे हा धागा उघडल्याचे सार्थक झाले. आपल्या आक्षेपाला याच पुस्तकात भक्कम आधार आहे. ज्या चौथ्या अध्यायात एक मूठ येते, त्याचे पहिलेच वचन गांजलेल्यांच्या अश्रूंविषयी आहे: त्यांचे सांत्वन करणारा कोणी नाही, गांजणाऱ्यांच्या हाती बळ आहे, आणि सांत्वन करणारा कोणी नाही. दोनदा तेच म्हटले आहे. पाचव्या अध्यायाच्या आठव्या वचनात गरिबांवरचा जुलूम आणि न्यायाची पायमल्ली पाहून आश्चर्य करू नकोस, एका अधिकाऱ्यावर दुसरा आणि त्यावर तिसरा बसलेला असतो, असे आहे. झोपेचे वचन याच्यानंतर अवघ्या काही ओळींनी येते. म्हणून गोड झोपेचा तो दाखला मजुरी कमी ठेवण्यासाठी वापरणे म्हणजे अध्यायाचा आरंभ झाकून शेवट वाचून दाखवणे होय.

मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे समाधानाची वचने कोण कोणाला सांगतो. उपदेशक राजा म्हणून स्वतःच्या भरलेल्या कोठारांविषयी बोलतो. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर देवाला विनवतो की मला दारिद्र्य देऊ नकोस आणि श्रीमंतीही देऊ नकोस, गरजेपुरते अन्न दे. तो स्वतःसाठी मागतो, आणि दारिद्र्य नको हे आधी मागतो, हे विसरता कामा नये. प्रेषित पौल फिलिप्पै शहरातील मंडळीला, म्हणजे फिलिप्पैकरांना, लिहितो की मी कोणत्याही स्थितीत समाधानी राहण्यास शिकलो आहे, तेव्हा तो बंदीत आहे आणि स्वतःविषयी लिहितो आहे. त्याच परिच्छेदात, माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे तुम्ही चांगले केले, असे म्हणून त्यांनी पाठवलेल्या मदतीचे तो आभार मानतो. तुमच्या मदतीवाचून माझे चालते, तेव्हा तुम्ही स्वस्थ बसा, असे तो म्हणत नाही.

दुसऱ्याच्या मजुरीविषयी बोलायचे झाले की शास्त्राचा सूर पार बदलतो. याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे चौथे वचन पाहा: शेतांची कापणी करणाऱ्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि कापणाऱ्यांच्या आरोळ्या सेनाधीश प्रभूच्या कानी गेल्या आहेत. आपल्या आईंच्या छाटीला लागू पडते ते हे वचन. १९८१ चे शेतकरी घामाचे मोल मागत होते. ईर्ष्येचा खटाटोप आणि न्यायाची मागणी यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

शहापूर पेठ

ही चर्चा वाचून वारकऱ्यांच्या घरातल्या मला तुकोबांची ओळ आठवली: 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥'. लोक 'ठेविले अनंते' तेवढेच ऐकवतात, पण तुकोबांनी धन जोडायलाही सांगितले आहे, उत्तम व्यवहाराने, आणि मग आसक्ती न ठेवता खर्चायलाही. आमचे लिंगायत शेजारी कायक आणि दासोह या दोन गोष्टी एकत्रच सांगतात: प्रामाणिक श्रम करावे आणि त्याचे फळ वाटून खावे. मार्कंडेयकाठ यांनी ज्याला मोकळा राहिलेला हात म्हटले आहे, तो या दोन्ही परंपरांत आहे, असे मला वाटते. पंथांची सरमिसळ करावी, असे मला म्हणायचे नाही. उपदेशकाचे देवाच्या हातून मिळणे आणि तुकोबांचा विठ्ठल यांत अंतर आहे, ते राहू द्यावे.

आपल्या गावात ही चर्चा नवी नाही, एवढे मात्र नोंदवावेसे वाटते. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झाले. बाबा पदमनजी १८३१ साली येथेच जन्मले, येथील मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली येथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे आयुष्यभर ते मराठीत लिहीत राहिले. तुकोबांचे अभंग कानावर घेऊन वाढलेल्या माणसांनी पवित्र शास्त्र मराठीत वाचले, ते या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे.

खानापूरचा शेतकरी

निपाणीच्या ताईंच्या लेखनाने पोटात कालवले. आमच्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांविषयीही हेच म्हणता येईल. एक माहिती जोडतो: यहुदी परंपरेत, निदान तिच्या एका मोठ्या शाखेत, उपदेशक हे पुस्तक मंडपांच्या सणात वाचतात. तो पीक घरात आल्यानंतरचा सण आहे, आणि त्या दिवसांत माणसे पक्के घर सोडून फांद्यापानांच्या मांडवात जेवतात. त्या सणाविषयी जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आज्ञा आहे की तू, तुझी मुले, तुझे दासदासी, उपरा, अनाथ आणि विधवा या सर्वांनी मिळून आनंद करावा. कोठार भरल्यावर हे पुस्तक वाचायचे, आणि ज्याचे कोठार नाही त्याला पंक्तीला बसवून आनंद करायचा, हा क्रम मला फार योग्य वाटतो. आमच्या मंडळीतील कापणीच्या सणाला यंदा पाचवा अध्याय वाचावा, असे मी पाळकांना सुचवणार आहे.

निपाणीची लेक

उत्तर मिळाले. याकोबाचे वचन मला माहीत होते, पण ते आणि एक मूठ एकाच श्वासात कोणी सांगितलेले मी ऐकले नव्हते. कापणीच्या सणाला पाचवा अध्याय वाचणार असाल, तर आठव्या वचनापासून वाचावा, दहाव्यापासून नव्हे, एवढी विनंती.

लोंढ्याची आई

मी प्रथमच लिहीत आहे. माझा मुलगा बेळगावात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. दोनदा थोडक्यात हुकले आहे. आता तो जेवत नाही, सणाला घरी येत नाही, मित्राची निवड झाली म्हणून त्याच्याशी बोलत नाही. त्याला प्रयत्न सोड असे मला सांगायचे नाही, कारण घरची परिस्थिती तशी नाही. पण आपण ज्या ईर्ष्येविषयी लिहिले ती मला त्याच्या चेहऱ्यावर दिसते. त्याला या पुस्तकातले काय वाचून दाखवू?

मार्कंडेयकाठ

ताई, त्याला आधी नवव्या अध्यायातील दहावे आणि अकरावे ही दोन वचने जोडून वाचून दाखवा. दहाव्यात, जे काही तुझ्या हाती येईल ते आपले सर्व सामर्थ्य खर्चून कर, असे आहे. अभ्यासात कसूर करण्याला तेथे जागा नाही. अकराव्यात लगेच, वेगवानालाच शर्यत जिंकता येते असे नाही, बलवानालाच युद्ध जिंकता येते असे नाही, समय आणि प्रसंग सर्वांवर येतात, असे आहे. काही हजार मुलांतून थोड्या जागा भरल्या जातात तेथे दोन गुणांनी मागे राहिलेला मुलगा नालायक ठरत नाही, हे त्याला शास्त्राच्या तोंडून ऐकू द्या. आपण सांगितले तर तो आईची माया म्हणून सोडून देईल.

त्याचे मित्राशी न बोलणे मला परीक्षेपेक्षा अधिक काळजीचे वाटते. ज्या एकट्या माणसाविषयी मी वर लिहिले, त्याच्या लगेच पुढच्या दोन वचनांत आहे की एकट्यापेक्षा दोघे बरे, एक पडला तर दुसरा त्याला उठवतो. ज्याची निवड झाली तो मित्र या अभ्यासातील खाचखळगे ओळखतो. त्याला घरी जेवायला बोलवा आणि मुलालाही त्या दिवशी बोलवा. परीक्षेचा विषय आपण काढू नका.

शेवटचे एक. परीक्षेला बसणाऱ्या आपल्या बहुतेक मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर फिलिप्पैकरांस पत्रातील चौथ्या अध्यायाचे तेरावे वचन असते, की मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे. त्याच्याही वहीत असेल तर बारावे वचन त्याच्या वर लिहायला सांगा, कारण सर्व काही म्हणजे काय ते तेथे आहे: दैन्यावस्थेत राहणे आणि संपन्नतेत राहणे, तृप्त असणे आणि भुकेले असणे. निकालाच्या दोन्ही शक्यता त्यात आल्या. बेळगावात त्याची खोली कोणत्या भागात आहे ते मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. संध्याकाळी वह्या आटोपल्या की मी त्याला भेटून येईन.